शेवरीच्या कापसाची उशी

टिकाराम मेश्रामनं अकरा वर्षं ॲम्बुलन्स चालवली, पण चालत्या गाडीतल्या पेशंटचं तोंड त्याला कधी धड पाहायला मिळालं नाही. ड्रायव्हरला रस्ता दिसतो. मागचं सगळं कानानं समजून घ्यायचं: कण्हणं, सिलिंडरचा खडखडाट, नातेवाइकांचं "भैया, और तेज". दवाखाना आला की लोक पेशंटमागं धावतात, ड्रायव्हर गाडी वळवत बसतो. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आपण वेळेवर पोचवलं की आपलं काम फत्ते, असा त्याचा हिशेब.

बाप डोमाजी तुमसरकडून जबलपुरात आला, कारखान्यात मजूर म्हणून लागला आणि घमापुरात दोन खोल्या बांधून तिथंच म्हातारा होऊन गेला. टिकाराम मधला. दहावीत दोनदा बसला, दोनदा आपटला, मग स्टिअरिंगवर बसला. हात मात्र सोन्याचा. घमापुरच्या बाजारात भाजीच्या गाड्यांमधून ॲम्बुलन्स अशी काढायचा की कोथिंबिरीची काडी खाली पडत नसे.

गाडी एका धर्मादाय ट्रस्टची होती. एका शेठजीनं आपल्या आईच्या नावानं तो काढलेला. मागं बसायला विष्णुपंत. मराठ्यांच्या राज्यात चाकरीला म्हणून ज्यांचे वाडवडील नर्मदेकाठी आले आणि परतायचं विसरले, अशा घरातला माणूस. सरकारी नोकरीत जन्मभर ड्रेसर होता. पट्टी बांधावी तर विष्णुपंतानं. मेलेल्याला बांधली तर तोही उठून नीटनेटका बसेल, असं लोक म्हणत. पण पट्टीपलीकडचं शिक्षण त्यालाही कोणी दिलं नव्हतं. स्ट्रेचर दोघं मिळून उचलायचे. डोक्याकडचं टोक टिकारामकडं, कारण वजन तिकडंच जास्त. त्यामुळं पेशंटच्या डोक्याखाली उशी सारखी करायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं.

उशांची त्या गाडीला भारी मिजास होती. शेठाणीनं शेवरीच्या कापसाच्या चार उशा शिवून दिलेल्या, अभ्र्यावर सासूचं नाव भरलेलं. दुसऱ्या गाड्यांत रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला. टिकाराम चहाच्या टपरीवर सांगायचा, "आमच्या गाडीत माणूस बेसुध आला तरी त्याचं डोस्कं उशीवर असते. खाली लोंबू देत नाई आपन." त्यात फोकनाड काही नव्हतं. खरंच तो कोणाचंही डोकं लोंबू देत नसे.

त्याची बायको शकु म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाची पोरगी. मामा गुलाबराव पाटनच्या मंडईत हमाल होता, तो आधीच गेला. मामी भीमाबाई पाटनलाच राहायची. शकुला मिरगीचे झटके यायचे, हे लग्नाच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. गोळ्या चालू होत्या. वर्षात एखादा झटका यायचा, दोन-चार मिनिटं हातपाय झाडायची, मग घंटाभर निजायची आणि उठून विचारायची, "भात कोनी उतरवला?" घरच्यांना त्याची सवय झाली होती.

२००९ च्या मार्चात शकु चार दिवस आईकडं गेली. पोरगी मीरा तेव्हा नऊ वर्षांची, शाळा बुडू नये म्हणून शेजारच्या लीलाबाईकडं ठेवलेली. सोमवारी दुपारी पाटनहून फोन आला. झटका येऊन गेला, पण शकु डोळे उघडत नाही. टिकारामनं शेठजींना विचारलं. शेठजी म्हणाले, "अरे, पूछना क्या है, ले जाओ." विष्णुपंताला घेऊन त्यानं गाडी पाटनच्या रस्त्याला लावली.

पोचला तेव्हा शकु दारापुढच्या सपरीतल्या खाटेवर होती. दुसरा झटका नुकताच उतरला होता. त्या झटक्यात दात आवळले, जीभ चावली जाईल म्हणून भीमाबाईनं स्टीलचा चमचा तोंडात घातला होता. समोरचा दात तुटला, जीभ चिरली, हनुवटीवर रक्त. भीमाबाई चमचा हातात धरून उभीच होती. टिकारामनं दुपट्ट्यानं शकुचं तोंड पुसलं. शकु घोरत होती. मोठ्यानं, बाप्या माणसासारखी.

"घोरतेय म्हणजे झोप लागलीय," विष्णुपंत म्हणाला. "चल, उचल."

त्यांनी तिला स्ट्रेचरवर घेतलं. शकु बारकी, मान पातळ. एका उशीवर डोकं नीट बसेना, घरंगळून जाई. म्हणून टिकारामनं दुसरी उशीही घातली. मग डोकं कसं झक्कास बसलं, हनुवटी छातीला टेकली. पायाशी भीमाबाई बसली, बाजूला विष्णुपंत. टिकारामनं मागचं दार लावलं आणि समोर जाऊन गाडी सुरू केली.

मधल्या खिडकीतून शकुचं घोरणं त्याला ऐकू येत होतं. निम्मा रस्ता येत होतं. शहर जवळ आलं तसं ते बंद झालं. भीमाबाईनं खिडकीशी तोंड आणून सांगितलं, "टिका, उलीसा हळू चालव. पोरगी आता शांत निजली. धचके लागून राहिले तिले."

त्यानं गाडी हळू केली.

दवाखान्यात डॉक्टरानं नाडी पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली आणि मान हलवली. मग ओठ वर करून तुटका दात पाहिला. "मुँह में क्या डाला था? चम्मच? किसने? खून अंदर चला गया होगा."

"मैंने," भीमाबाई म्हणाली.

तो एक शब्द तिनं नंतर सहा वर्षं खाली ठेवला नाही.

पाटनच्या घराला कुलूप लावून ती घमापुरला आली आणि मीराला वाढवू लागली. वेणी, डबा, शाळेची फी, तापात रात्र जागणं, सगळं तिनं केलं. रडताना तिला कोणी पाहिलं नाही. पण गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की दोन दिवसांत त्या घरच्या बाईला ती आपण होऊन सांगायची, "माह्या पोरीले म्याच मारलं. तोंडात चमचा घातला." आलूचा भाव सांगावा तशा आवाजात. लीलाबाई चिडायची. "काहून बोलता वो असं, भीमाबाई? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे नं. खरं हाये तं म्हनू दे."

दर मार्चात शकुची आठवण म्हणून घरी विहारातले लोक येत, वंदना होई, खीर वाटली जाई. बुद्धाच्या मूर्तीपुढं, शकुच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची वेळ आली की भीमाबाई स्वयंपाकखोलीत जाऊन बसायची. ज्या हातानं तोंड फोडलं त्या हातानं मेणबत्ती लावणार नाही, हे तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.

टिकाराम तिला म्हणायचा, "मामी, तुमचा काई दोष नाई." शंभरदा म्हणाला असेल. पण खोटं काहून बोलायचं, मनातल्या मनात त्यालाही तो चमचाच दिसायचा. मामीनं ताट पुढं केलं की तिच्या हाताकडं त्याची नजर जायची. सहा वर्षं त्यानं त्या हातचं खाल्लं आणि सहा वर्षं आतल्या आत त्या हाताला माफ केलं नाही.

मग शेठजींचा मुलगा कारभार पाहू लागला. त्यानं नवी गाडी घेतली, आत मशिनी बसवल्या, आणि म्हणाला की मागं शिकलेला माणूस पाहिजे. विष्णुपंत अडुसष्टचा, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून टिकारामला पाठवलं. गाडीतल्या पेशंटला कसं सांभाळायचं, त्याचा वर्षाचा कोर्स; सकाळी वर्ग, दुपारून ड्युटी. टिकाराम बेचाळीस वर्षांचा. वर्गातली बाकीची पोरं एकोणीस-वीसची, त्याला अंकल म्हणायची आणि त्याच्या मागं बसून मोबाइल पाहायची, कारण त्याची पाठ रुंद.

"आता दप्तर घे, पाण्याची बाटली घे," विष्णुपंत म्हणाला. "आणि पावसाळ्यात छत्री हरवून ये. म्हणजे शाळा पुरी झाली."

घरी मीरा शिकवायची. ती दहावीत होती. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. "पापा, ये लिवर है, ये इधर होता है. आप हर बार दूसरी साइड बताते हो."

"तू समोरून दाखवून राहिली नं. माह्यावाला माह्या बाजूनं हाये."

भीमाबाई भाजी निवडता निवडता म्हणायची, "पोट्टी मास्तरीन अना बाप हुंबा. पाह्य गुलाबराव, तुह्या भाच्याची तरक्की." मेलेल्या नवऱ्याशी ती असं अधूनमधून बोलायची.

पण टिकारामचं मन लागलं होतं. नाडी मोजणं त्याला लवकर जमलं. छाती दाबायची तर त्याच्या हातात जोर होता. अकरा वर्षं पाठीमागं जे चालायचं, त्याचा अर्थ आता उलगडू लागला होता आणि त्याला त्याचं अप्रूप वाटायचं. घरी येऊन सांगायचा, "मामी, मानूस कसा जगते हे समजलं तं ड्रायव्हरी पोरखेळ वाटते."

सातव्या महिन्यात बेशुद्ध पेशंटचा धडा आला. शिकवायला सुहासिनी मॅडम. मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. टेबलावर रबरी बाहुला होता. मॅडम म्हणाल्या, "टिकाराम जी, आप तो ग्यारह साल से गाड़ी पर हैं. आइए, दिखाइए, बेहोश मरीज़ को कैसे लिटाएंगे."

टिकाराम उठला. आज तरी पोरांना काही दाखवू, म्हणून जरा ऐटीतच उठला. बाहुल्याला सरळ केलं, हात अंगाशी लावले. मग उशी शोधली. उशी नव्हती. त्यानं आपलं स्वेटर काढलं, चौपदरी घडी केली आणि मायेनं बाहुल्याच्या डोक्याखाली सारली.

"रुकिए," मॅडम म्हणाल्या. "सब लोग यहाँ देखो. ये गलती पूरा हिंदुस्तान करता है."

त्यांनी बाहुल्याची हनुवटी दाखवली. ती छातीला टेकली होती. बेशुद्ध माणसाची जीभ ढिली पडते, त्या म्हणाल्या. डोकं पुढं झुकवलं की ती मागं सरकून श्वासाच्या वाटेवर बसते. "मरीज़ खर्राटे लेगा. घरवाले खुश होंगे, चलो, सो रहा है. वो सो नहीं रहा, उसको हवा नहीं मिल रही. फिर खर्राटा बंद हो जाएगा. घरवाले बोलेंगे, अब आराम पड़ गया." त्यांनी स्वेटर काढून बाजूला टाकलं. "तकिया नहीं. कभी नहीं. करवट दो, ठुड्डी ऊपर रखो."

टिकाराम टेबलाजवळच उभा होता.

"बैठिए," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, अगर दो तकिये हों?"

पोरं हसली. मॅडमही हसल्या. "तो काम और जल्दी होगा."

तो जागेवर जाऊन बसला. स्वेटर टेबलावरच राहिलं. मागच्या पोरानं आणून दिलं.

वर्ग सुटल्यावर तो दाराशी थांबला. मॅडमची घरची बोली मराठी आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सगळं सांगितलं. चमचा, रक्त, दोन उशा, घोरणं, पाटनचा रस्ता. मॅडमनी मध्येच फळा पुसायला घेतला होता, तो अर्धवट सोडून दिला.

"मला माहीत असतं तर मी हसले नसते," त्या म्हणाल्या.

"हसन्याचं काई नाई, मॅडम. मले फक्त सांगा, कशानं गेली ती?"

"सहा वर्षांनी ते कोण सांगणार? झटक्यानंच गेली असेल. रक्त आत गेलं असेल. थोडं थोडं सगळंच असेल."

"चमच्यानं?"

"चमच्यानं दात तुटतात. माणूस सहसा मरत नाही."

"उशी नसती तं? कुशीवर ठेवली असती तं?"

मॅडमना खोटं बोलता येत नव्हतं, ही त्यांची अडचण होती. "तर बहुतेक आली असती घरी," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी टिकाराम ड्युटीवर गेला. गाडी चालवताना एकेक पेशंट त्याला आठवू लागला. अधारतालचे एक मास्तर, त्यांचा मुलगा म्हणाला होता, "बाबूजी गहरी नींद में हैं." गिट्टी फोडणारी एक बाई. किती जण असे घोरत आले आणि गप्प होऊन उतरले, त्याचा त्याला थांग लागेना. पण ते सगळे मिळून एकीकडं आणि स्वयंपाकखोलीत बसलेली मामी एकीकडं. ज्या गोष्टीसाठी ती बुढी सहा वर्षं स्वतःला कुटत होती, ती गोष्ट तिची नव्हतीच. ती त्याची होती. हे तिला सांगायचं की नाही, एवढाच आता प्रश्न होता, आणि तेवढं विचारायला ड्युटी सुटल्यावर तो विष्णुपंताकडं गेला.

विष्णुपंताच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तो खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मागे मी होतो," तो म्हणाला. "तू उशी ठेवलीस, मी काढली नाही. निम्मी माझी."

"पंत, वाटनी करायले नाई आलो मी. मामीले सांगावं म्हनतो."

"कशाला?"

"तिच्या डोक्यावरचं वझं उतरन."

"आणि तुझ्या डोक्यावर चढेल. ती तुझ्या घरात राहते, तुझी पोर वाढवते. उद्या तिनं कुलूप उघडलं पाटनचं, तर पोरीला पोळी कोण घालणार? तू?" मग जरा थांबून, "आणि मुसमुसू नकोस इथं. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

टिकारामनं सांगितलं नाही. गाडीतल्या उशा मात्र दुसऱ्याच दिवशी काढल्या. शेठाणीचा निरोप आला, सासूच्या नावाच्या उशा कोणाच्या हुकमानं काढल्या? टिकाराम जाऊन उभा राहिला, मॅडमचं पुस्तक दाखवलं, शिव्या ऐकून आला. पण घरी तोंड उघडेना. सहा वर्षं मामीच्या हाताकडं पाहणारा माणूस आता तिच्याकडं पाहतच नव्हता. याच दरम्यान समोर नवं बिऱ्हाड आलं, आणि भीमाबाई दारात उभी राहून त्या बाईला सांगू लागली, "माह्या पोरीले म्याच मारलं." टिकाराम आत खाटेवर होता. तो उठून मागच्या दारानं बाहेर गेला आणि ड्युटीची वेळ झाली नव्हती तरी गाडीत जाऊन बसला.

तीन महिने असे गेले. मार्च आला.

त्या दिवशी दहा वाजता विहारातले लोक येणार होते. मीरा बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरत होती. भीमाबाई गंजात खीर ढवळत होती. टिकाराम स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"मामी, औंदा मेनबत्ती तुम्ही लावा."

"मले नोको सांगू. तूच लाव."

"तुमचा दोष नोहता."

"सहा वर्सापासून हेच सांगून राहिला. दुसरं काई सांग."

"तवा मले ठाऊक नोहतं. आता ठाऊक हाये." आणि मग त्यानं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, क्रमानं. जीभ कशी ढिली पडते. डोकं झुकलं की वाट कशी बंद होते. घोरणं म्हणजे काय. घोरणं थांबणं म्हणजे काय. चमच्यानं दात तुटतात, माणूस मरत नाही. उशी कोणी ठेवली. किती ठेवल्या.

भीमाबाईचा हात ढवळत होता. मध्ये एकदाही थांबला नाही.

"दोन उशा," ती म्हणाली.

"हो."

"मी पाह्यलं होतं तुले ठेवताना." तिनं पळीला लागलेली साय काठाला पुसली. "तुले ठाऊक हाये का टिका, सहा वर्सं मी कायच्या भरवशावर जगली ते?"

तिनं पळी ताटलीत ठेवली.

"त्या दिवशी माह्या हातानं पोरीचं तोंड फुटलं. म्या म्हनलं, चाल, मायनं तोंड फोडलं, पन नवऱ्यानं डोस्क्याखाली उशी तं देली. एकीवर नाई बसलं तं दुसरी देली. एवढ्या घाईत कोन देते? जाताना सुखानं निजली पोरगी, असं म्या म्हनलं. चमचा आठवला का मी ते उशी आठवत होती. तेवढी एकच गोठ होती माह्याजवळ."

"मामी..."

"अना म्या तुले म्हनलं, हळू चालव."

"हो."

"तू हळू चालवली."

"हो."

"तवा होती का ती?"

टिकारामला आता खोटं बोलायला जागा होती. म्हणता आलं असतं, नव्हती, आधीच गेली होती. पण शिकलेला माणूस झाला होता ना तो. "असन," तो म्हणाला. "घोरनं थांबल्यावरबी चार-पाच मिनिटं असते मानूस."

बाहेरून मीरा ओरडली, "नानी, दूध लग रहा है, बास आ रही है."

भीमाबाईनं गंज उतरवला. खाली काळं लागलं होतं. वरची खीर तिनं दुसऱ्या भांड्यात काढली, चाखून पाहिली, अजून साखर घातली. मग तोंड धुतलं, लुगडं सारखं केलं. लोक आले, वंदना झाली आणि मेणबत्ती लावायच्या वेळी ती कोणी न बोलावता पुढं गेली. त्याच हातानं तिनं ती लावली. लीलाबाईनं डोळ्याला पदर लावला. जमलेले लोक म्हणाले, बरं झालं बाप्पा, बाईच्या मनातलं निघालं एकदाचं.

त्यानंतर भीमाबाईनं कोणाला सांगितलं नाही की मी पोरीला मारलं. गल्लीतल्या बायांना वाटलं, बुढी सुधारली. टिकारामलाही आठ-पंधरा दिवस तसं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की ती शकुबद्दल चांगलंही काही बोलत नाही. आधी बोलायची. शकुला फणसाची भाजी आवडायची, शकु लहानपणी मंडईत बापाच्या पोत्यावर निजायची, असं काहीबाही. ते सगळं बंद झालं. गुलाबरावाशी बोलणंही बंद. काम तेवढंच करायची, चोख. टिकारामला पहिल्यासारखंच गरम वाढायची. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

एकदा तो बुटाला पॉलिश करत होता, तेव्हा तिनं विचारलं, "असे आनखी किती झाले असतीन तुह्या गाडीत?"

"मोजले नाई. सात-आठ घरं आठवतात."

"जानार हायेस का सांगायले?"

"इचार करून राहिलो. मॅडम म्हनते, मनावर हाये तुह्या."

"जाऊ नोको," भीमाबाई म्हणाली. "त्यायच्या घरी एखादी म्हातारी असन. तिच्याजवळबी एखादी गोठ असन, तेवढ्यावर दिस काढून राहिली असन. तू जाशीन अना तेबी घेऊन येशीन."

तो गेला नाही. कोणाच्याच घरी गेला नाही. ते बरोबर केलं की चूक, हे त्याला आजही सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यालाही येत नाही.

कोर्स पुरा झाला. परीक्षेत तो वर्गात तिसरा आला. पोरांनी अंकलला खांद्यावर उचलायचा बेत केला होता, वजन पाहून सोडून दिला. आता तो गाडीत मागं बसतो. समोर नवा ड्रायव्हर आहे. बेशुद्ध माणूस असला की कुशीवर वळवतो, नाहीतर दोन्ही हातांनी जबडा वर धरून बसतो, दवाखाना येईपर्यंत बोटं वाकडी होतात. नातेवाईक ओरडतात, "भैया, सिर के नीचे कुछ तो रखो, कैसे आदमी हो?" तो समजावत नाही. नुसतं "नहीं" म्हणतो. त्या गाडीतून आता जास्त माणसं जिवंत उतरतात, हे ट्रस्टच्या कागदावर आहे. तो कागद त्यानं भीमाबाईला दाखवला नाही.

मीरा दहावी झाली, आपला डबा आपण करू लागली. जूनमध्ये भीमाबाईनं लुगडी बांधली. "पोट्टी मोठी झाली. मी आता पाटनले जातो." टिकारामनं राहा म्हटलं. लीलाबाईनं म्हटलं. मीरा रडली, "नानी, मत जाओ ना." भीमाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तेल कुठं ठेवलं आहे ते सांगितलं.

टिकाराम तिला बसनं घेऊन गेला. कुलूप गंजलं होतं, उघडेना. त्यानं ते दगडानं तोडलं आणि मंडईत जाऊन नवं आणलं. भीमाबाईनं सपरी झाडली, चूल पेटवली. त्यानं पाणी भरलं. पाया पडला तेव्हा ती म्हणाली, "जा. ड्युटी असन." रागानं नाही म्हणाली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पाटनला जातो. तांदूळ, तेल, रक्तदाबाच्या गोळ्या नेतो. मामीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतो, आकडा सांगतो. ती विचारते, पोट्टी जेवते का बरोबर? तो म्हणतो, जेवते. मग ती भाकर वाढते, तो खातो. शकुचं नाव निघत नाही. तीनच्या बसची वेळ झाली की तो चपला घालतो आणि ती दारापर्यंत येते.